गंजलेली नळी आणि साठ वर्षांची गाडी

गाडीच्या ब्रेकविषयी कुटुंबाच्या पानावर काय लिहायचे, असे आमच्या काही वाचक-भगिनींना वाटेल. परंतु ज्या घरातला कर्ता माणूस टॅक्सी, रिक्षा किंवा टेम्पो चालवतो, नाहीतर गॅरेजमध्ये हात काळे करतो, असे घर आपल्या वस्तीत शोधायला दोन दारांपलीकडे जावे लागत नाही. तो माणूस रात्री घरी सुखरूप येतो की नाही, हे पुष्कळदा पेन्सिलीहून बारीक अशा एका नळीवर ठरते. ती नळी आम्ही परवापर्यंत नीट पाहिलेलीही नव्हती. पाहण्याचा योग आला तो एका श्रीमंत माणसाच्या हौसेच्या गाडीमुळे.

कुर्ल्याच्या एका गल्लीत आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. वय साठीच्या पुढे. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरवर त्यांचा हात बसलेला. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निघून गेली, तेव्हा आपला कोणी नातेवाईक गेल्यासारखे ते दोन दिवस गप्प होते, असे वहिनी सांगतात. त्यांच्या गॅरेजात एका सकाळी आम्ही सहज डोकावलो, तर आत लाल रंगाची, बसकी, दोनच माणसांची उघडी गाडी उभी. पुढे लोखंडी जाळी आणि जाळीवर आठ कोनांचा बिल्ला. त्या बिल्ल्यात दोन अक्षरे : एम.जी.

एम.जी. हे नाव आता आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक आहे. २०१९ पासून त्या नावाच्या मोठ्या गाड्या गुजरातेत हालोलला तयार होऊन आपल्या रस्त्यांवर धावू लागल्या. परंतु ते नाव मूळचे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड गावचे. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. हा विल्यम मॉरिस कोणी सरदारपुत्र नव्हे. पंधराव्या वर्षी शाळा सोडून सायकल दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारीला लागलेला आणि पुढच्याच वर्षी आईबापाच्या घरी स्वतःचे काम सुरू केलेला पोरगा. हे सांगितल्यावर मिस्त्रींचा भाचा, जो तिथे हेल्पर आहे, एकदम म्हणाला, “म्हणजे पंक्चरवाल्याची गाडी की मामा!” मामांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने पाना उचलला.

ही विशिष्ट गाडी म्हणजे एम.जी.बी. १९६२ साली ती बाजारात आली आणि १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला तोवर, मागे छप्पर असलेला जी.टी. प्रकार धरून, पाच लाखांहून जास्त तयार झाल्या. गॅरेजातली गाडी १९६५ सालची. मालकांच्या वडिलांनी इंग्लंडहून आणलेली. वर्षातून दोन-तीनदा बाहेर निघते, एरवी झाकून असते. आणि रोग नेमका तिथेच आहे, असे मिस्त्री म्हणाले. रोज चालणाऱ्या गाडीची खोड रोज कळते, झाकून ठेवलेल्या गाडीची एकदम कळते.

झाले होते ते असे. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती. त्याआधी मालकांनी गाडी आवारातून मागे घेतली, ब्रेकवर पाय दिला आणि पेडल थेट तळाला गेले. पायाखाली काहीच नाही! त्यांनी हँडब्रेक ओढला म्हणून गाडी भिंतीला नुसती टेकली. हँडब्रेक वाचवतो, कारण तो तेलावर चालत नाही. त्याची तार वेगळी, ती सरळ मागच्या दोन चाकांच्या ड्रमला जाते. फेरीच्या वाटेवर, उड्डाणपुलाच्या उतारावर हे झाले असते तर काय, हे मालकांच्या तोंडावर दिसत होते. तरीसुद्धा त्यांचे म्हणणे एवढेच, की फुटलेली नळी बदला आणि शनिवारी गाडी द्या. तो दिवस मंगळवार होता.

आता थोडे ब्रेक कसा लागतो ते समजून घेऊ. जुन्या काळी पेडलपासून चाकापर्यंत तारा किंवा सळ्या असत. चारही चाकांना त्या सारख्या ताणल्या जात नसत, म्हणून गाडी ब्रेक मारताच एका बाजूला ओढली जाई. मग माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकन माणसाने तारांच्या जागी तेल आणले. हे तेच लॉकहीड बंधू, ज्यांच्या नावाने पुढे विमाने झाली. बंद भांड्यातल्या द्रवाला एके ठिकाणी दाबले की तो दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलेले होते आणि आपली मुले ते शाळेत पाठ करतात. १९२१ साली ड्यूसेनबर्ग नावाच्या अमेरिकन गाडीला चारही चाकांना असे तेलाचे ब्रेक बसले. एम.जी.बी.चेही ब्रेक लॉकहीड पद्धतीचेच. पुढे डिस्क, मागे ड्रम.

पेडलखाली बोनटच्या आत मास्टर सिलिंडर असतो. पाय दाबला की त्यातला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. ते तेल नळ्यांतून चारही चाकांकडे जाते आणि तिथले दट्टे लायनर दाबतात. किती जोराने? आम्ही कागदावर हिशेब मांडला. समजा पायाने तीस किलोचा जोर दिला. पेडल म्हणजे तरफ, तिने तो पाचपट झाला असे धरले, तर दीडशे किलो. सिलिंडरचे छिद्र पाऊण इंचाचे, म्हणजे जवळजवळ २.८५ चौरस सेंटिमीटर. भागून पाहा, दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोच्या वर जाते. गाडीच्या चाकातली हवा दोन-सव्वादोन किलोची असते. म्हणजे त्या बारीक नळीवर चाकाच्या वीस-पंचवीसपट जोर येतो. आणि नळी केवढी? बाहेरून तीन-षोडशांश इंच, सुमारे पावणेपाच मिलिमीटर. भिंतीची जाडी पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. नवी असताना ती याच्या कितीतरी पट दाब सोसते, कारण पोलादाची पट्टी दोन वेढे गुंडाळून तांब्याने सांधून ती केलेली असते. पण गंज बाहेरून खात आत आला की पाऊण मिलिमीटर जायला किती वेळ लागतो?

गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली तेव्हा मिस्त्रींनी आम्हाला खाली वाकायला लावले. (नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कोणालाही गाडीखाली जाऊ देत नाहीत, पाहुण्यालाही नाही.) फुटलेली नळी मागच्या बाजूची होती. ती जिथे पत्र्याच्या क्लिपमध्ये धरलेली असते, नेमक्या त्या क्लिपखाली चिखल साचून भोक पडले होते. बाकीच्या नळ्या काळ्या रंगाने रंगवलेल्या, लांबून छान दिसत होत्या. मिस्त्रींनी सुरीच्या टोकाने रंग खरवडला. खाली पापुद्रे. पुढच्या चाकाजवळची एक नळी त्यांनी सोडवून काढली आणि मालकांच्या हातात दिली. “वाकवा साहेब.” मालकांनी जरा वाकवली आणि ती बिस्किटासारखी कट्‌कन मोडली.

“एक फुटली म्हणून बाकीच्या शाबूत असं नसतं साहेब. सगळ्या एकाच दिवशी बसल्यात, एकाच पावसात भिजल्यात. एक नवी घातली तर दाब तिथे थांबेल आणि दुसरी फुटेल. सगळ्या बदलू, तिन्ही रबरी होज बदलू. शनिवार होणार नाही.”

मालक जरा चढ्या आवाजात म्हणाले, “मिस्त्री, दुसरीकडे दोन तासांत करून देतात. फ्रीजची तांब्याची नळी लावतात म्हणे.”

“देतात. मग तिथे न्या.”

गल्लीतल्या गॅरेजवाल्याने असे बोलणे सोपे नसते. भाडे थकलेले, त्या महिन्यात एक इंजिनाचे काम हातचे गेलेले, हे आम्हाला माहीत होते. भाचा आमच्याकडे बघत होता, आम्ही जमिनीकडे. मालकांनी फोन काढला, दोन पावले बाहेर गेले, परत आले आणि मोडलेला तुकडा पुन्हा हातात घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, “किती दिवस?” मिस्त्री म्हणाले, “सोमवारी संध्याकाळी.”

ते गेल्यावर आम्ही विचारले, एवढे ताणायची गरज होती काय? तेव्हा त्यांनी सांगितले ते असे. १९८० च्या आसपास ते स्वतः हेल्पर होते, दुसऱ्याच्या गॅरेजात. एका टॅक्सीची ब्रेकची नळी पाझरत होती. गॅरेजमालकाने सांगितले, डाख देऊन टाक, उद्या बघू. यांनी दिला. तिसऱ्या दिवशी ती टॅक्सी उभ्या ट्रकला मागून धडकली. ड्रायव्हर जगला, पण गुडघा गेला आणि गाडी सुटली ती कायमची. त्याची बायको नंतर चार घरची धुणीभांडी करू लागली. ती याच वस्तीतली, रोज समोरून जायची. “तिला कधी कळलं नाही डाख कोणी दिला ते. मला माहीत होतं ना.” एवढे बोलून ते गाडीखाली गेले.

एम.जी.बी.च्या बाबतीत आणखी एक धोका आहे, जो तिच्या काळच्या पुष्कळ गाड्यांत होता. चारही चाकांचे तेल एकाच सिलिंडरमधून, एकाच वाटेने जाते. कुठेही एक भोक पडले की चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र वाटा असणे कायद्याने सक्तीचे झाले. एक वाट गेली तरी दुसरी काही चाके धरून ठेवते. अमेरिकेला जाणाऱ्या एम.जी.बी.ला ही सोय तेव्हाच मिळाली, खुद्द इंग्लंडच्या बाजारातल्या गाडीला मात्र बरीच वर्षे थांबावे लागले. कारखाना तोच, कामगार तेच, पण जिथे कायद्याने धरले तिथल्याच माणसाचा जीव आधी महाग झाला.

नळी कशाची घालायची यावर मिस्त्रींचा पक्का विचार होता. शुद्ध तांबे मऊ, वळवायला सोपे, गंजतही नाही. पण हादऱ्यांनी ते कडक होत जाते आणि एक दिवस नटाच्या मुळाशी तडकते. फ्रीजची नळी तर फ्रीजसाठीच. पोलादाची पूर्वीसारखी घातली तर चालते, मात्र मुंबईच्या खाऱ्या हवेत ती पुन्हा त्याच वाटेने जाणार. म्हणून त्यांनी तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूची नळी मागवली. त्यात तांबे नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि निकेल दहा. ती गंजत नाही, हाताने वळते आणि तडकतही नाही. पोलादापेक्षा महाग पडते.

बुधवारी सगळे नट रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवले होते ते सोडवले. साध्या फिक्स पान्याने हे नट गोल होऊन जातात. त्यासाठी रिंग पान्याला एका बाजूने खाच पाडलेला खास पाना मिळतो, तो नळीवरून आत सरकतो आणि नटाला चहूबाजूंनी धरतो. प्रत्येक जुनी नळी न मोडता काढून, चिठ्ठी बांधून, भिंतीवर खिळ्याला टांगली. नवी नळी तिच्यावर ठेवून त्याच वळणाने वाकवायची. वळण गुडघ्यावर द्यायचे नाही, नळी चेपते. मिस्त्री पान्याच्या सॉकेटभोवती हळूहळू फिरवत होते. नळी कापायची तीही करवतीने नव्हे, छोट्या फिरत्या कटरने, कारण करवतीचा एक कण जरी आत राहिला तरी तो सिलिंडरचे रबर कापतो.

मग नळीचे तोंड फुलवायचे. हे खरे कसबाचे काम. साच्यात नळी घट्ट धरून ठोकळ्याने दाबली की तोंड बाहेरच्या बाजूला उमलते, आणि नट आवळला की तेच तोंड समोरच्या बैठकीवर दाबून बसते. वॉशर नाही, दोरा नाही, मेण नाही. तोंडे दोन तऱ्हेची असतात, एक बाहेर फुगलेले आणि दुसरे आत दुमडलेले. जुन्या नळीला त्या टोकाला जसे होते तसेच हवे. चुकले तर कितीही आवळा, पाझरतेच. भाच्याने पहिली नळी फारच सुरेख केली. तोंड गोल, एकही चीर नाही. मामा बघून हसले. तोंड फुलवण्याआधी नट नळीत घालायचा राहिला होता, आणि फुललेल्या तोंडावरून नट जात नाही! पुन्हा कापा. “प्रत्येक मिस्त्री हे एकदा करतो,” मामा म्हणाले. “मी चारदा केलंय.”

रबरी होजकडे सहसा कोणी पाहत नाही. या गाडीला ते तीन : पुढच्या दोन चाकांना दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक. बाहेरून ते चांगले दिसतात, पण जुने रबर आतून फुगून वाट बंद करते. पाय दिला की तेल जोराने पुढे जाते, पाय काढला की परत येत नाही. मग चाक धरून राहते, तापते, आणि ड्रायव्हर म्हणतो लायनर खराब. नवा होज बसवताना त्याला पीळ पडू द्यायचा नाही. चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून तो कुठे घासत नाही ना, ताणला जात नाही ना, हे पाहायचे.

रविवारी जुन्या गाड्यांची फेरी निघाली. ही गाडी घोड्यांवरच होती. मिस्त्रींनी त्या दिवशीही काम केले. वहिनी दुपारी डबा घेऊन आल्या आणि गाडीकडे बघून म्हणाल्या, “एवढ्या पैशांत दोनच माणसं बसतात?”

सोमवारी ब्रेक ऑइल भरले. आपण त्याला ऑइल म्हणतो खरे, पण ते इंजिन ऑइलसारखे खनिज तेल नव्हे. चुकून इंजिन ऑइल घातले तर आतली सगळी रबरे फुगून वाया जातात. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलून काढते, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. त्याचा मोठा दुर्गुण असा की ते हवेतले पाणी शोषून घेते. डॉट-४ प्रकारचे नवे तेल दोनशे तीस अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ती मर्यादा एकशे पंचावन्नवर येऊ शकते. घाट उतरताना सारखा ब्रेक धरला की चाके तापतात, तेलातले पाणी उकळते, वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. पेडल तळाला! पुष्कळ “ब्रेक फेल”ची गोष्ट एवढीच असते. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे आणि उघडी राहिलेली अर्धी बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

हवा काढायला दोघे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलला प्लॅस्टिकची नळी, तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेले. “दाब!” “दाबलं.” निपल सैल, बुडबुडे. निपल बंद. “सोड!” हे शेकडो वेळा. मध्ये वरच्या डब्यातले तेल संपले की पुन्हा हवा शिरते आणि पहिल्यापासून सगळे. तो डबा भरता ठेवायचे काम आमच्याकडे दिले होते. ते आम्ही नीट केले, एवढे येथे नमूद करतो.

शेवटी भाच्याने पेडल पूर्ण जोराने दाबून धरले आणि मिस्त्रींनी प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद फिरवला. मागच्या एका जोडावर कागदाला ओला ठिपका आला. नट पाव फेरा आवळला, पुन्हा कागद फिरवला, कोरडा. तरीही दहा मिनिटे थांबून तिसऱ्यांदा पाहिले. मग गल्लीतल्या पोरांना बाजूला करून गाडी पायी चालण्याच्या वेगाने बाहेर काढली. एक हात हँडब्रेकवर. चालवायला स्वतः मिस्त्री बसले. भाचा फार मागे लागला होता, पण त्याला शेजारीही बसू दिले नाही. ब्रेक लागला, गाडी सरळ उभी राहिली. आणखी वेगाने, पुन्हा सरळ. चौथ्या फेरीला त्यांनी भाच्याला शेजारी बसवले.

मालक संध्याकाळी आले. भिंतीवर टांगलेल्या जुन्या नळ्या त्यांनी मागून घेतल्या, का ते सांगितले नाही. पैसे मोजून दिले आणि सावकाश गाडी काढून गेले. गल्लीच्या तोंडाशी मागचे लाल दिवे लागले, तसे मिस्त्री मान लांब करून पाहत राहिले, ते दिवे विझून गाडी वळेपर्यंत.

बघ्यांमध्ये शेजारचे एक रिक्षावाले होते. सात वर्षे तीच रिक्षा, तेल एकदाही बदललेले नाही. हात पुसणाऱ्या भाच्याला ते हळूच म्हणाले, “जरा माझीही खालून बघतोस का रे?” भाच्याने मामांकडे पाहिले. मामा विजेरी शोधत होते.